उलटी सावली

"काढा तो फोटो भिंतीवरून!" कलादालनाचे व्यवस्थापक गरजले.

संध्याकाळी आत्याच्या फोटोंचं प्रदर्शन उघडणार होतं. तिचा पाय प्लॅस्टरमध्ये, म्हणून सुट्टीला आलेली तिची भाचरं, भिंगरी आणि शंकासुर, फोटो नीट लागलेत का ते बघायला आली होती.

"पण का काढायचा?" शंकासुराने विचारलंच.

"फोटो सकाळचा, सलूनच्या गल्लीतला; तिथे तेव्हा सावली उजवीकडे पडते. इथे डावीकडे! दोन फोटो जोडलेत. बनावट माल मी टांगत नाही!"

बनावट? आत्या? भिंगरीचे कान तापले. फोटोत डुलक्या घेणारं गिऱ्हाईक होतं आणि कात्री उगारून हसणारे कोपऱ्यावरचे सलूनवाले काका.

"शंक्या, काका डावखुरे आहेत?"

"छे! परवा उजव्या हातानेच माझा कान कापत होते!"

"मग इथे कात्री डाव्या हातात कशी?"

दोघं घरी धावली. आत्याने कपाटातून एक मोठा कागद काढला. फिल्मच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून छापलेले, तिकिटाएवढे फोटो!

"हा कुणाला दाखवायचा नसतो रे! सगळ्या माझ्या फजित्या."

एकात नुसतं कुत्र्याचं शेपूट, एकात काकांची जांभई. सगळ्यांवर लाल फुल्या! शेवटी एकाभोवती गोल: तोच भिंतीवरचा फोटो.

"एका फोटोसाठी एवढे फुकट घालवलेस?"

"फुकट कसले? त्यांनीच तर सांगितलं, कुठे उभं राहायचं ते."

भिंगरीने भिंग लावलं आणि ती किंचाळलीच!

भिंगरीने व्यवस्थापकांसमोर कागद पसरला. "पट्टीच्या कडेचे आकडे सरळ आहेत ना? म्हणजे फोटोही सरळ. आता बघा! कात्री उजव्या हातात, सावलीही उजवीकडे!"

"पण मोठा फोटो तर मी स्वतः छापला..."

"मग छापताना फिल्म तुम्हीच उलटी घातलीत!"

व्यवस्थापकांनी भिंतीवरचा फोटो स्वतःच उतरवला. चौकट सरळ आहे का, हे त्यांनी मोजपट्टी लावून तपासलं होतं. आतल्या फोटोचं तपासायचं राहिलं होतं.

दुपारभर अंधाऱ्या खोलीत राबून त्यांनी फोटो पुन्हा छापला. संध्याकाळी गर्दी मात्र जमली शेजारी लावलेल्या फुल्यांच्या कागदापुढे!

"माझ्या फजित्या चव्हाट्यावर!" चाकाच्या खुर्चीतून आत्या कुरकुरली.

"तुमच्या कसल्या?" सलूनवाले काका म्हणाले. "जांभई तर माझी आहे!"

व्यवस्थापकांनी दोघा मुलांची पाठ थोपटली. "पोरांनो, आज आत्याची लाज राखलीत."

"आत्याची?" शंकासुराने विचारलं. "पण का?"

व्यवस्थापक खो खो हसले. "बरं बाबा, माझी!"