बसलेली गाडी

रोशनीच्या झेरॉक्सच्या दुकानात संघपाल पहिल्यांदा आला तो निव्वळ लाइट गेली म्हणून. मूल गावच्या बसस्टँडसमोर दुकानं पुष्कळ, पण इन्व्हर्टर हिच्याच एकटीकडे. वडिलांचे दवाखान्याचे कागद त्यानं शर्टाच्या आत धरून आणले होते. ते अजून कोमट होते, हे तिच्या बोटांना कळलं... आणि तिनं उगाच मशीनचं झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

मागच्या दारातून त्याला टिनाच्या शेडखालची पांढरी गाडी दिसली.

"जर्मन हाय ना जी ते?"

"हाय. विकाची हाय. घेता का, भाऊ?"

ती गमतीनं म्हणाली होती. खिशात टेस्टर, कागदांवर मुलचेऱ्यासारख्या आडगावाचा पत्ता – हा वीजखात्याचा लाइनमन कशाला घेतो असली गाडी! पण तो हसला नाही.

त्याचे वडील, मुखरू, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे तीस वर्षं ड्रायव्हर होते. अशाच गाडीचं मागचं दार उघडण्यात हयात गेली. मागच्या शिटावर कधी बूड टेकलं नाही. आता फुप्फुसं चालेनात.

"एकडाव मांगं बसवाचं हाय बाबाले," संघपाल म्हणाला. "नवी त सपनातबी नाई जमत. म्हणून जुनी पाहून राह्यलो."

गाडी रोशनीच्या भावाची, निकेशची. चार दिवस मिरवून तो पुण्याला निघून गेला आणि जाताना सांगून गेला – गाडी विक, दुकान आवर, तूही ये. चौदा वर्षांची गाडी, दोन लाख अठरा हजार किलोमीटर चाललेली. अशी गाडी स्वस्तात पदरात पडते, आणि मग एकेक पार्ट मालकाचा जीव काढतो. हिला तर वेगळाच रोग होता. स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे, आणि फुगे गळके. रात्रभरात गाडी मागच्या डाव्या अंगावर बसून जायची, थकलेल्या म्हशीसारखी. इंजिन सुरू केलं की अर्ध्या तासात हळूहळू उठायची.

म्हणून गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी गाडी सुरू करून ठेवायची, ही निकेशची शिकवण. संघपाल दर रविवारी मोटारसायकलवर येऊ लागला आणि रोशनी दर रविवारी गाडी उठवू लागली. आधी, गाडी खपावी म्हणून. नंतर... रोग कळला तर हा पुन्हा यायचा नाही म्हणून.

"काच खालीवर करून पाहू का?" तिसऱ्या रविवारी त्यानं विचारलं.

"मागच्या रविवारी पाह्यली ना?"

"तवा डावी पाह्यली. आज उजवी."

"अन् पुढच्या रविवारी?"

"वायपर," तो गंभीरपणे म्हणाला.

ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. तो कपात पाहत राहिला.

"आज भाऊ नाई म्हटलं तुमी."

आमच्या भागात भाजीवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळेच भाऊ. तो शब्द कधी गळून पडला, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"ध्यानात नाई राह्यलं," ती पुटपुटली.

"मंग... नका ठेवू ध्यानात."

असे सहा रविवार गेले. गाडीचं एकेक बटण दाबून झालं, निकेशच्या पुण्याच्या बोलावण्याचंही बोलून झालं, किमतीचं बोलणं तेवढं दोघांनीही काढलं नाही. आणि मग सातव्या रविवारी तो आलाच नाही.

आठव्यालाही नाही. दोन्ही रविवारी रोशनीनं सकाळपासून दुपारपर्यंत गाडी सुरू ठेवली. शेजारची वच्छला म्हणाली, "डिझेल जाळून कोणाची आरती करून राह्यली वं?" रोशनीला हसायचं होतं. जमलं नाही. शनिवारी निकेशचा फोन आला – सोमवारी भंगारवाला येतोय, त्याच दिवशी तूही बस पकड.

नवव्या रविवारी तिनं किल्ली खुंटीवरून काढलीच नाही. कोणासाठी काढायची?

आणि अकराच्या सुमारास तो दारात उभा होता. गाल आत गेलेले, डोळे कोरडे. मागे गाडी बसलेली – ताडपत्री ओढून झाकता आली असती. तिनं ओढली नाही.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "हे अशी हाय. मी दरखेपेले उठवून ठेवत होती. फसवत होती तुमाले."

"मालूम हाय मले."

"काय मालूम?"

"पहिल्याच दिशी पाह्यलं. खांब किती झुकला, हेच पाहाची नौकरी हाय माझी."

"मंग काऊन येत होते?"

"घेतली असती त..." तो अडखळला. "त मंग कोण्या कामानं आलो असतो?"

हेच ऐकायला तिनं एवढे रविवार गाडी उठवली होती. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिच्या छातीत काहीतरी खाली बसत गेलं.

"बाबा पुसे, आणली का रे गाडी? मी म्हणो, पुढच्या रविवारी." त्यानं ओठ दाबले. "दरखेपेले हेच म्हणो. बाबा गेले. बुधवारी जलदान झालं त्याईचं."

इकडे दोन माणसं काच आणि वायपर खेळत बसली होती, आणि तिकडे एक म्हातारा खाटेवरून रस्त्याकडे कान लावून होता. कोण कोणाची समजूत काढणार?

त्यानं शर्टाच्या आतून कागद काढला. तोही कोमट होता. मृत्यूचा दाखला.

"पाच कॉप्या पाह्यजे होत्या," तो म्हणाला. "पण आज एकच काढा. बाकी पुढच्या..."

"नाई," रोशनी म्हणाली. "पाचही आजच."

मशीनचा उजेड पाच वेळा तिच्या हातावरून सरकला. कागद जुळवून तिनं त्याच्यासमोर ठेवले.

"आता काई कामच नाई उरलं," तो म्हणाला.

"नाई उरलं. आता बिनकामाचे या, संघपाल."

"तुमी त पुण्याले..."

"मी हो नाई म्हटलं अजून. गाडी जाऊ दे उद्या भंगारात. मी नाई जात."

तो मागे गेला, गाडीचं मागचं दार उघडलं. बसलेल्या गाडीचं दार करकरलं. ते धरून तो क्षणभर सरळ उभा राहिला, वडील राहत असतील तसा. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. रिकाम्या शिटाकडे दोघांनीही पाहिलं. मग त्यानं दार हळूच लावलं, आवाज न करता.

"ड्युटी सुटली का निघतो मुलचेऱ्यावरून," तो म्हणाला. "उद्याच."

उद्या सोमवार होता.