आर्जियाच्या हातच्या तोर्तेल्लीन्या

मी गर्विष्ठ आहे असं गावात म्हणतात. म्हणोत बापडे. नाताळच्या दुपारी माझ्या टेबलावर तेवीस माणसं जेवतात आणि त्यांच्या पुढ्यात दुकानातून आणलेलं काहीही नसतं. बोलणाऱ्यांनी आधी एवढं करून दाखवावं. आमचं घर कास्तेलफ्रांको गावाच्या बाहेर, कालव्याच्या रस्त्यावर आहे. डिसेंबरात तिथे असं धुकं उतरतं की अंगणातलं खुराडंसुद्धा दिसत नाही, नुसत्या कोंबड्या ऐकू येतात.

तोर्तेल्लीनी आमच्याच गावची. शेजारच्या शहरातले बोलोन्यावाले ती आपली म्हणून सांगतात, त्यांच्या जिभेला काय हाड आहे? अंड्यात मळलेल्या पिठाची पोळी लाटायची, तिचे बोटभर चौकोन कापायचे, मधोमध वाटाण्याएवढं सारण. त्रिकोणी घडी घालून ती करंगळीभोवती फिरवायची आणि दोन टोकं चिमटीत दाबायची. सगळ्या बायका हेच करतात, तरी प्रत्येकीची वेगळी दिसते. मी दाबता दाबता वरचं टोक जरासं मागे कलवते. हे माझ्या आईचं वळण. तिच्यानंतर ते फक्त माझ्या हातात राहिलं. माझी नणंद नोर्मा सत्तरीला टेकली आहे, मोतीबिंदूने तिला धड दिसत नाही, पण तोर्तेल्लीनीवरून बोट फिरवून ती "ही आर्जियाची" असं सांगते आणि कधी चुकत नाही.

मला मुलगी नाही. मुलगा एकच, इवानो. त्याची बायको दोनाता खाली दक्षिणेकडची, बाझिलिकाताच्या डोंगरातली. मुलगी कामाला वाघ. घरात येऊन तिला चार वर्षं झाली होती, पण मी तिला पोळी लाटायच्या मोठ्या पाटावर चौकोन कापू देत असे आणि सारण ठेवू देत असे. वळू देत नसे. तिने दोनदा विचारलं होतं.

"आई, मला दाखवा ना एकदा. तुमच्या शेजारी बसून शिकते."

"कापतेस ते छान कापतेस," मी म्हणाले. "ज्याचं काम त्याने करावं."

आज मला त्या बोलण्याची लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. आईचं वळण परमुलखातल्या पोरीच्या बोटात जावं हे मला रुचत नव्हतं, बस.

मी सांगते आहे ते चौऱ्याहत्तर सालचं. त्या वर्षी द्राक्षांची तोडणी झाल्यापासून माझा उजवा अंगठा धरला होता. बरणीचं झाकण उघडेना, सुईत दोरा ओवता येईना. मी कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. लेआर्को भला माणूस, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. मी सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत कॉफीच्या दुकानात सगळ्यांना कळलं असतं की आर्जिया मोंतोर्सीचा हात गेला. मग कोणीतरी दयाळूपणे म्हणालंच असतं, यंदा विकतच्या आणा.

डिसेंबरच्या वीस तारखेला दुपारी मी दोनाताला सायकलवर बाजारात पिटाळलं आणि एकटी पाटाशी बसले. पोळी छान लाटली गेली, लाटायला तळवे लागतात आणि तळवे माझे शाबूत होते. पण चिमूट बसेना. तासाभरात दोन मुठी झाल्या असतील, त्याही तोंड उघडून पडलेल्या. मी त्या कोंबड्यांना टाकल्या. चौकोन ओल्या फडक्याखाली झाकले, वर खोलीत गेले आणि अंगठा गरम पाण्यात बुडवून बसले. रडले म्हणा ना.

अर्ध्या-पाऊण तासाने खाली आले तर पाटावर एकही चौकोन उरला नव्हता. चारही परातींमध्ये तोर्तेल्लीन्या ओळीने मांडल्या होत्या. पीठ अजून दमट होतं. प्रत्येकीचं टोक मागे कललेलं होतं.

नोर्मा चुलीजवळ तिच्या रोजच्या खुर्चीत विणत बसली होती.

"इथे कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोण येणार एवढ्या धुक्यात?"

"मग हे कोणी केलं?"

"मला डोळ्यांनी दिसत नाही, तुझं डोकं चालत नाही. छान जोडी आहे," नोर्मा म्हणाली. "आत्ता तर उठलीस पाटापासून. आज मात्र गप्प होतीस हो. एरवी वळताना तोंडाचा पट्टा चालू असतो."

मला आधी दोनाताचाच संशय आला. पण ती त्यानंतर आली, टोपली भरलेली, नाक थंडीने लाल. मी कणकेच्या उरलेल्या तुकड्यातून एक चौकोन कापून तिच्या हातात दिला. "वळून दाखव." ती हरखली. बिचारीने जीव ओतून वळली, आणि ती लगेच उलगडली. मी ती उचलून तोंडात टाकली.

आमच्याकडे वळून झालेल्या तोर्तेल्लीन्या वरच्या थंड खोलीत पाहुण्यांच्या पलंगांवर चादरी घालून पसरतात. संध्याकाळी इवानो कारखान्यातून आला तो थेट वर गेला आणि एक उचलून दिव्यासमोर धरली.

"आई, काय हात आहे तुझा! वय वाढतंय तशी बारीक होत चालली आहे ही."

सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "मग? आर्जियाचा हात आहे तो."

रात्री मी नीट विचार केला. मी काही भोळसट बाई नाही. पाद्रीबुवांचंसुद्धा मी अर्धंच ऐकते. दुसऱ्या दिवशी पोळी लाटली, चौकोन कापले, सारण ठेवलं आणि नोर्माला आराम कर म्हणून तिच्या खोलीत पाठवलं. दोनाता शेजारणीकडे इस्त्री करायला गेली होती. लेआर्को अंगणात लाकडं फोडत होता. मी स्वयंपाकघराची खिडकी आतून लावली, आतल्या दाराला कडी घातली, बाहेरच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि खुराड्यात जाऊन कोंबड्यांची जागा खरवडत बसले. त्या दिवशी धुकं जरा विरळ होतं, तिथून दार दिसत होतं, आणि मी नजर हलवली नाही. कोणी आत गेलं नाही.

कुलूप काढलं तेव्हा जायफळाचा वास दाटून आला. पराती भरलेल्या होत्या. पाटाजवळ पाण्याचा पेला अर्धा पिऊन ठेवला होता आणि काचेवर पिठाचा ठसा होता, अंगठ्याचा. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. तो बरोबर बसला. फक्त तो ठसा घट्ट दाबलेला होता, आणि मला तोडणीपासून तसं काही दाबता आलं नव्हतं.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मी त्या तोर्तेल्लीन्यांकडे पाहिलं आणि भीतीच्या वरताण काहीतरी छातीत भरून आलं. तिशीत मी अशा वळत होते. नखाएवढ्या, एकीचं टोक दुसरीपेक्षा तसूभरही जास्त कललेलं नाही. पंचक्रोशीत कोणाची छाती आहे अशा वळायची? मी पेला धुतला आणि पराती वर नेल्या. जिन्यात लेआर्को भेटला. "दमलीस?" त्याने विचारलं. "त्यात दमायचं काय," मी म्हणाले.

बावीस तारखेला मोदेना शहरातल्या डॉक्टरची वेळ घेतली होती. घरी सांगितलं की संत्री आणि बदामाची चिक्की आणायला जाते. काळा कोट चढवला, दहाची बस धरली. पोळी सकाळीच लाटून, चौकोन कापून, झाकून ठेवली होती. का झाकून ठेवली होती, हे मी स्वतःलाही विचारलं नाही. डॉक्टरने अंगठा वळवून पाहिला आणि म्हणाला, आता हा असाच राहणार. परतीची बस धुक्यात गोगलगाईसारखी चालली. मला घरी पोचायला चार वाजले.

अंगणातून येताना स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड दिसला. दोनाता पाटाशी बसली होती. हात पिठाचे, गाल लाल, आणि ती हसत होती. समोरच्या खुर्चीकडे बघून हसत होती. खिडकीतून कपाटाच्या आडोशामुळे ती खुर्ची दिसत नाही.

दोनाताने आपली करंगळी पुढे केली, कोणाला तरी दाखवावी तशी. मग मान डोलावली.

मी दार ढकललं.

खुर्ची रिकामी होती. दोनाताचं हसू मावळलं. ती उठून उभी राहिली आणि एप्रनला हात पुसू लागली. नोर्मा चुलीजवळ पेंगत होती, तिने डोळे न उघडताच विचारलं, "संत्र्यांचा वास कुठून येतोय? दिवसभर घरातच होतीस ना तू?"

मी पाटाजवळ गेले. दोन परातींमध्ये दोन हातच्या तोर्तेल्लीन्या होत्या. एकीतल्या नखाएवढ्या. दुसरीतल्या जरा मोठ्या, जरा बुजऱ्या, नवशिक्या हाताच्या. पण दोन्हींकडे टोक मागे कललेलं होतं. माझ्या आईचं वळण.

"कोणी शिकवलं तुला?"

दोनाताने माझ्या कोटाकडे पाहिलं. मग ओल्या बुटांकडे.

"दोनाता, मी विचारते आहे."

"तुम्हीच म्हणाला होतात, आई..."

"काय म्हणाले मी?"

तिचा आवाज एकदम खाली आला. "की तुम्ही काळा कोट घालून बाहेरून आलात, तर काही सांगायचं नाही. तेव्हा तुम्हाला राग येतो. आपण दोघींनी सकाळपासून केलेलं तेव्हा तुम्हाला आठवत नाही."

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आणखी काय म्हणाले?"

"की मीच तुला आधी शिकवायला हवं होतं, चार वर्षं उगीच गेली." तिचे डोळे भरून आले. "माझा हात हातात धरलात तुम्ही. माझी बोटं लांब आहेत, म्हणालात, या कामाला चांगली."

मला एवढंच म्हणायचं होतं की मी मोदेनाला होते. पण मग मोदेनाला कशाला, ते सांगावं लागलं असतं. आणि वर दोन्ही पलंगांवर पसरलेल्या तोर्तेल्लीन्या कोणाच्या, तेही.

"पीठ झाकून ठेव," मी म्हणाले. "कोरडं पडेल."

तेवीस आणि चोवीस तारखेला मी स्वयंपाकघरात फारशी गेले नाही. वरच्या खोलीत बसून चादरींना इस्त्री केली. खालून दोनाताचं बोलणं ऐकू यायचं, मधेच हसणं. घरात इतकं हसू गेल्या चार वर्षांत ऐकलं नव्हतं. एकदा कान देऊन ऐकलं, दुसरा आवाज येतो का म्हणून. येत नव्हता. पण ती मधे मधे थांबायची, समोरच्याचं बोलणं ऐकून घेताना थांबतो तशी.

नाताळच्या सकाळी मी सूप स्वतः केलं. कोंबडा माझ्या हातचा वाढवलेला, त्यात गाईचं हाड, गाजर, कांदा. पाच वाजल्यापासून मंद आचेवर ठेवलं, फेस काढला, चवीला मीठ घातलं. सुपाला अंगठा लागत नाही. त्या टेबलावर निदान ते तरी माझं असणार होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

बारा वाजता सगळे जमले. लेआर्कोचे दोन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, दिरांची मोदेनाहून आलेली जावईमंडळी. तोर्तेल्लीन्या खाली आणायला वर गेले तेव्हा बायका पलंगाभोवती जत्रेसारख्या जमल्या होत्या. "आर्जिया, देवाने तुझे हात सोन्याचे केलेत," असं माझी धाकटी जाऊ म्हणाली, आणि ती कोणाचं उगीच कौतुक करणारी बाई नव्हे. नोर्माने एकीवरून बोट फिरवलं, दुसरीवरून फिरवलं. "ही आर्जियाची. ही पण आर्जियाच्याच हाताखालची," ती म्हणाली. मी मान ताठ ठेवली.

"तुम्ही बसा, आई. मी वाढते," दोनाता म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी सगळ्यांच्या आधी टेबलाशी बसले.

आमच्या घरात रीत अशी, की सुपाची पहिली वाटी घरच्या वडीलधाऱ्याला जात नाही, पाद्री जेवायला असले तर त्यांनाही नाही. जिने तोर्तेल्लीन्या वळल्या तिला जाते. तिने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी चमचा उचलत नाही.

दोनाताने मोठ्या भांड्यातून पहिली वाटी भरली. वाफ तिच्या तोंडावर येत होती. बावीस माणसं माझ्याकडे बघू लागली. मी चमचा सरळ केला.

दोनाता वाटी दोन्ही हातांत धरून आली. माझ्या खुर्चीमागून गेली. थांबली नाही.

"अगं, कुठे निघालीस?" लेआर्को म्हणाला.

"आलेच, बाबा."

ती स्वयंपाकघरात गेली आणि दार तिच्यामागे लोटलं गेलं.

पोरांनाही कळलं असावं, तीही दाराकडे बघत बसली. माझ्या धाकट्या जावेने रुमालाची घडी मोडली आणि परत घातली. उठून ते दार उघडणं माझ्या हातात होतं. बावीस जण बघत होते. मी पाठ खुर्चीला टेकवून बसून राहिले.

दोनाता परत आली. वाटी रिकामी होती. तिने ती माझ्या पुढ्यात ठेवली, भांड्यातून पुन्हा भरली, आणि वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणाली,

"त्या म्हणाल्या, मीठ कमी आहे."

मग ती सरळ झाली आणि सगळ्यांना म्हणाली, "चला, करा सुरू."

तेवीस चमचे उचलले गेले. मी माझा तोंडाला लावला.

मीठ खरंच कमी होतं.