एकोणीस मीटर

छपाईच्या खोलीत आधी हवा बघायची, मग मशीन. हे मला ताईने शिकवलं, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीने. हवा कोरडी असली की शाई नोझलच्या तोंडाशीच वाळते आणि अक्षरं तुटतात. दमट असली की वाळतच नाही, बोट लागलं की पसरते. आणि वारा असला तर बोंबच. केवढासा तो शाईचा थेंब, जातो भरकटत. म्हणून दार कायम लावलेलं, आणि रोज सकाळी कोऱ्या पट्टीवर एक लांब रेघ छापून बघायची. रेघ सरळ, तर हवा ठीक.

शाईची वाफ मात्र वाईट, कोंडली की भोवळ येऊन माणूस पडतो. ती ओढून घ्यायला भिंतीत मोठा पंखा आहे. त्याचाही थोडा वारा होतोच, आणि आमच्या साहेबाला अक्षरं कशी सुईने कोरल्यासारखी हवीत. म्हणून लहर आली की साहेब पंखा बंद करायचा. वर म्हणायचा, "तेवढ्याने काय मरताय की काय?"

ताई मेली. महिन्यापूर्वी, भर दुपारी, त्याच खोलीत.

मी जेवायला गेले तेव्हा पंखा चालू होता, परत आले तेव्हाही चालू. मधलं कोणी बघितलं? साहेब म्हणतो, तिचं हृदयच कमजोर असणार. "जागच्या जागी गेली, काही कळलंसुद्धा नसेल तिला." आणि आता तपासणीला माणसं येणार, तर नोंदवहीत त्या दिवसाच्या पानावर 'पंखा पूर्ण वेळ चालू' असं लिहून खाली सही मी करायची. मी! तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे सांगताना नाही करणार.

ताई गेल्यापासून सकाळची रेघ वाकडी यायला लागली.

फिटरकाकांनी मशीन उघडून पाहिलं. पट्टा ठीक, नोझल स्वच्छ, तापमान चोवीस, दमटपणा पन्नास. पंखा बंद करून त्यांनी नोझलसमोर दोरा टांगला. दोरा ढिम्म हलला नाही. खाली रेघ डावीकडे सरकत होती, उजवीकडे येत होती, पुन्हा डावीकडे.

"हे वाऱ्याचंच काम आहे, पोरी," काका म्हणाले.

"पण वारा आहे कुठे?"

त्यांनी हत्यारं गोळा केली आणि निघून गेले. तेव्हापासून ते त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी थांबवलीच नाही. मिनिटाला एक मीटर, संथ. सुरुवातीच्या लाटा सारख्या अंतरावर होत्या. पुढे त्या दाटल्या, एकमेकींवर चढल्या. मग विरळ झाल्या. एकोणिसाव्या मीटरला रेघ सरळ झाली ती झालीच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकोणीस.

मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून सुरुवातीच्या लाटा मोजल्या. श्वास होते ते.

जागच्या जागी म्हणे! एकोणीस मिनिटं, हलकटा! एकोणीस मिनिटं ती आत तडफडत होती.

पट्टीचं भेंडोळं मी वर जाऊन त्याच्या टेबलावर आपटलं. तो तरातरा खाली आला.

"वारा लागतोय, एवढंही कळत नाही?" म्हणत आत शिरला आणि न बघताच भिंतीकडे हात नेऊन पंखा बंद केला. हाताला सवय होती. "चालव आता."

मी मशीन चालू केलं. रेघ डावीकडे गेली, उजवीकडे आली.

"तुझं चित्त ठिकाणावर नाही. बहीण गेली, वाईट झालं, पण म्हणून..."

त्याच्या छातीवरच्या खिशातलं पेन वर होत होतं, खाली होत होतं. मी पट्टीकडे पाहिलं. पुन्हा पेनाकडे. बरोब्बर जुळत होतं.

मग लाटा दाटल्या. पेन अजून संथच होतं. रेघ त्याच्या पुढे निघाली होती.

पंख्याचं बटण माझ्या हाताशी होतं.

मी बाहेर आले. दार नेहमीसारखं लावून घेतलं.

दाराच्या काचेतून साहेब दिसत होता. तावातावाने बोलत होता. त्याच्या पुढ्यात पट्टीवरची रेघ सरळ झाली होती.