दहा पराभवांची शिकवणी

"अहो, त्याच्यामागे पळू नका... मरायचंय का?"

मी दचकून वर पाहिलं. आमच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरपलीकडून एक माणूस माझ्या फोनला जवळजवळ नाक लावून उभा होता. त्याच्या चष्म्याची नवी काच मागे मशीनवर घासली जात होती, आणि तेवढ्या पाच मिनिटांत मी गुपचूप खेळून घेत होते.

"चष्म्याशिवाय दिसतंय का तुम्हाला काही?" मी फणकारले.

"शत्रू नाही दिसत. पण तुम्ही मरताय, ते दिसतंय."

आणि मेलेच! पळणाऱ्याच्या मागे धावत मी थेट त्याच्या चार दोस्तांच्या घोळक्यात शिरले होते.

हा खेळ मावसबहिणीनं माझ्या फोनमध्ये घातला होता. आपले पाच, समोरचे पाच. ज्यांचा किल्ला आधी पडेल ते हरले. "तू काय, चार दिवसांत सोडशील," असं वर म्हणाली होती. तिचं तरी काय चुकलं? घरात माझं नावच आरंभशूर. विणकाम, पोहणं, बासरी... सगळ्याची सुरुवात केली, शेवट एकाचाही नाही.

"शिकवू का?" चष्मा चढवत तो म्हणाला. त्याच्या खिशात ओळीनं सहा स्क्रूड्रायव्हर होते. समोरच्या इमारतीत लिफ्ट बसवायचं काम करत होता. "पण आधीच सांगतो, नव्या माणसानं पहिले दहा सामने हरायचेच असतात. दहा हरलात की शिकवणी संपली. मग तुम्ही मोकळ्या, मी मोकळा."

"दहा? मी तिसऱ्यालाच सोडून देईन."

"बघू."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वारी हजर. "चष्म्याचा स्क्रू सैल झालाय." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. दुकान माझ्या काकांचं. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "अख्खी लिफ्ट उचलतो हा गडी, आणि एवढासा स्क्रू याला पिळता येत नाही?"

तो कानापर्यंत लाल झाला. मी मात्र स्क्रू पिळून दिला.

मग एका बाकावर आम्ही दोघं, दोन फोन, आणि संघात कुठले कुठले तीन अनोळखी लोक. ते मला यथेच्छ शिव्या द्यायचे. त्यानं सगळ्यात आधी त्यांचा आवाज बंद करायचं बटण दाखवलं. मग म्हणाला, "कोपऱ्यातल्या नकाशाकडे बघत राहा. माझ्याकडे नको."

"मी कशाला बघू तुमच्याकडे?"

"मग माझ्या गालाला ग्रीस लागलंय, हे आत्ता कुणी सांगितलं?"

मी नकाशात डोकं खुपसलं.

हरणं तर पाचवीलाच पुजलेलं. सामना हातचा गेला की पडद्यावर प्रश्न येतो – हार मानायची का? पाचपैकी चौघं 'हो' म्हणाले की खेळ खलास. त्याचं 'हो' नेहमी पहिलं. "लिफ्ट बंद पडली की जिना धरावा. उगाच बटणं कशाला दाबत बसायची?" माझं दुसरं. सोडून देण्यात माझा हात कोण धरणार?

चौथा हरलो. सहावा हरलो. आठवा हरलो तेव्हा मला घरी जेवणच जाईना. नववा हरलो आणि मी चक्क मोरीत जाऊन रडले. मला जिंकायचं नव्हतं हो... मला दहावा हरायचा नव्हता. दहावा हरलो की हा माणूस मोकळा होणार, समोरची लिफ्ट सुरू होणार, आणि दुपारी एक वाजता दारात कुणीच येणार नाही.

दहाव्याला मी जीव तोडून खेळले. कुणाच्या मागे धावले नाही, नकाशावरून नजर हलवली नाही. तरी एकामागून एक आमचे सगळे बुरूज पडले. उरला किल्ला. आणि पडद्यावर तो मेला प्रश्न आला – हार मानायची का?

पहिलं 'हो' आलं. दुसरं. तिसरं. मी डोळे मिटून 'नाही' दाबलं.

डोळे उघडले, तर पडद्यावर तीन 'हो', आणि 'नाही'... दोन.

मी हळूच शेजारी पाहिलं. त्याचा अंगठा अजून त्या बटणावरच होता. नजर मात्र नकाशावर. पुढची सहा मिनिटं आम्ही दोघांनी तो पडका किल्ला असा राखला, की ते तिघंही मुकाट्यानं मदतीला आले. शेवटी पडलाच. हरलो.

"संपली शिकवणी," तो फोनकडे बघत म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबत बसलो."

"मीही पहिल्यांदा काहीतरी शेवटपर्यंत नेलं." मी हात पुढे केला. "चष्मा द्या इकडे."

मी स्क्रू घट्ट पिळला आणि वर गोंदाचा एक थेंब सोडला.

"हे काय केलंत?"

"आता हा जन्मात सुटणार नाही. उद्यापासून स्क्रूचं निमित्त बंद." मी त्याच्या नाकावर चष्मा चढवला. आता पळण्यात अर्थ नव्हता. "मला आवडता तुम्ही. यायचं असेल, तर... नुसते या."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग काकांकडे. काकांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं, तेही उलटं.

"मलाही तुम्ही... म्हणजे पहिल्या दिवसापासूनच..." त्यानं चष्मा उगाच सारखा केला. "उद्या किती वाजता येऊ?"

"दुकान दहाला उघडतं."

सकाळी साडेनवाला मी कुलूप काढायला पोचले, तर तो पायरीवर बसलेला. शेजारी माझ्यासाठी जागा झाडून ठेवली होती.