पश्चिमेकडच्या काचा

ट्रक यायला अर्धा तास होता आणि दामारिसला अजून आपल्या पडक्या घराच्या छपरासाठी पत्रा सापडला नव्हता. सकाळपासून वारा सुटला होता. तोंडात वाळू, कानात वाळू. मागे तिचा दहा वर्षांचा भाऊ उलिसेस आपण परत कधी जायचं, असं सारखं विचारत होता.

सान फेर्मिनची सोऱ्याची खाण बंद होऊन पन्नास वर्षं झाली. तिथे आता कुणी राहत नाही. पण दर फेब्रुवारीत, शाळांना सुट्टी असताना, जुनी माणसं पोराबाळांसकट आठवडाभर परत येतात. आपापल्या पडक्या घराच्या दारावर खडूने आडनाव लिहितात, खुर्च्या मांडतात, चहा टाकतात. दारावर नाव असलं की त्या घराला कुणी हात लावत नाही.

या वर्षी जुन्या शाळेत प्रदर्शन होतं. फोटो, नाटकांची तिकिटं, खाणीच्या दुकानात पैशांऐवजी चालणारे बिल्ले, बँडच्या छापील पत्रिका. दामारिसची पणजी ओर्तेन्सिया काल ते तीन वेळा पाहून आली. ती वर्षाची असताना तिचे वडील वारले. ते बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. पत्रिकेत नाव सापडलं, एलिओदोरो बुस्तोस. चेहरा कुठेच नव्हता. पणजी शहाऐंशीची. रात्री तिने जेवण अर्धं ठेवलं आणि पुढच्या वर्षी मी यायची नाही म्हणाली.

प्रदर्शन आन्सेल्मोकाकांचं. त्यांनी पणजीला सांगितलं होतं, की तेव्हा फोटो काचेवर निघायचे. सत्तर वर्षांपूर्वी फोटोग्राफर गाव सोडून गेला आणि लोकांनी काचांवरची चित्रं गरम पाण्यात खरवडून त्या खिडक्यांना लावल्या. वाळवंटात काच कोण टाकून देतं? तेव्हा आशा धरू नका.

पत्रा शोधत दोघं फोटोग्राफरच्या घरामागे आली. तिथे कोंबड्यांसाठी बांधलेली खोली होती, चारी भिंतींत लहान काचा, छप्पर उडालेलं. गाड्या लावायला जागा हवी म्हणून आन्सेल्मोकाकांनी ती आज ट्रकने ओढून पाडायला सांगितली होती. त्यांचा पुतण्या होविनो आधीच आत घुसून खाली पडलेला पत्रा ओढत होता.

दामारिस पश्चिमेच्या भिंतीपाशी उभी राहिली. इथल्या काचा तपकिरी होत्या. तिने थुंकी लावून एक पुसली. आत पांढऱ्या केसांची, काळ्या तोंडांची माणसं ओळीने उभी होती. ती मागे सरकली. तेवढ्यात काळा टी-शर्ट घातलेला होविनो काचेमागून गेला, आणि मागे काळं येताच काळ्याचं पांढरं झालं, क्षणभर ती माणसं खरी झाली. मिशा, टोप्या, कोटाची बटणं.

"होविनो, मागे ये. तिथेच उभा राहा."

"का? मी काय पडदा आहे?"

"हो. तीन दिवसांत तुझा शर्ट पहिल्यांदा कामाला आलाय."

उलिसेसने पूर्वेच्या काचा पाहिल्या. त्या स्वच्छ होत्या. मग दामारिसच्या लक्षात आलं. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेचं. तिकडे लोकांनी मुद्दामच न खरवडलेल्या काचा बसवल्या होत्या, सावलीसाठी. आन्सेल्मोकाका म्हणाले ते निम्मंच खरं होतं.

होविनो काकांकडे धावत गेला आणि तसाच परत आला. काका लाउडस्पीकरच्या तारांत गुंतले होते. जेवणानंतर बघू म्हणाले. आणि ट्रक आलासुद्धा.

ड्रायव्हर उतरला आणि दोर सोडू लागला. तोही इथल्याच खाणकामगाराचा मुलगा. दामारिसने इकडेतिकडे पाहिलं, भिंतीवरचा चुन्याचा पोपडा उचलला आणि कोंबड्यांच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बुस्तोस. उलिसेसने एक मोडकी खुर्ची ओढून आणली आणि दारात बसून घेतलं.

ड्रायव्हर दोर हातात धरून थबकला. बुस्तोसांचं घर तर पलीकडच्या गल्लीत आहे, असं म्हणाला.

"ते मोठ्यांचं," उलिसेस म्हणाला. "हे आमचं."

"इथे कोंबड्या राहायच्या, बाळा."

"हो. घरात गर्दीच होती."

ड्रायव्हरला हसू आलं, पण त्याने दोर गुंडाळून ठेवला. नावाच्या दाराला तो हात लावणार नव्हता. ज्यांनी सांगितलं त्यांनाच बोलवा, म्हणाला.

आन्सेल्मोकाका तणतणत आले. हा पोरखेळ कुणाचा, गाड्या काय माझ्या डोक्यावर लावायच्या, असं बरंच बोलले. दामारिसने त्यांना बोलू दिलं. मग त्यांना काचेसमोर उभं केलं आणि होविनोला हाक मारली. होविनो आतून काचेमागे आला.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

पुढे त्यांनीच घाई केली. एकेक काच ओल्या फडक्याने पुसायची, होविनोने तिच्यामागे येऊन उभं राहायचं. पहिल्या काचेत फुटबॉलचा संघ. मग एक लग्न. मग बोकड धरलेली बाई. चौथी काच तडकलेली होती आणि वाऱ्याने हलत होती. दामारिसने ती दोन्ही हातांनी दाबून धरली. सातव्या काचेत बँड होता. चौदा माणसं, ट्रॉम्बोन एकच.

उलिसेस पणजीला आणायला पळाला. ती काठी टेकत आली, काचेसमोर बसली, आणि होविनो श्वास रोखून उभा राहिला. ट्रॉम्बोनवाल्याचा कोवळा चेहरा, कान मोठे, कोट खांद्यांवर सैल. पणजी पुढे वाकली आणि काचेला नाक टेकवून बघत राहिली.

"किती लहान आहे हा," ती शेवटी म्हणाली. "माझ्या नातवाहूनही लहान."

आन्सेल्मोकाका तिच्याजवळ खाली बसले. चूक माझी, म्हणाले. न बघताच मी तुम्हाला नाही म्हटलं. ही पोरं नसती तर आत्तापर्यंत सगळ्याचा चुरा झाला असता. सगळ्या काचा शाळेत लागतील आणि शोधणाऱ्या तिघांची नावं खाली येतील, असंही म्हणाले. होविनोने विचारलं, माझ्या शर्टाचं पण लिहाल का? कुणीतरी त्याच्या डोक्यात टपली मारली. ड्रायव्हरने स्क्रू काढायची हत्यारं आणली होती आणि पहिली काच कुठली काढायची, ते तो विचारत होता.

पणजीने काचेवर बोट ठेवलं.

"आधी याला आत घ्या," ती म्हणाली. "सत्तर वर्षं उन्हात उभा आहे."