लाडक्याला दिलेली झील

कंदील बारीक करा आणि गप बसून ऐका. ज्याला मधे प्रश्न विचारायचे असतील त्याने आत्ताच घरी जावं.

ही गोष्ट नवसूची. नवसूला या डोळ्यांनी पाहिलेला आहे. म्हातारपणी तो देवळाच्या ओट्यावर बसून असायचा. फार बोलायचा नाही, पण खोटं बोलणारा माणूस नव्हता. ही गोष्ट त्याने आयुष्यात एकदाच सांगितली, तीही तोंड भिंतीकडे करून.

जर्मन लढाई सुरू झाली त्या सालचा फाल्गुन. वद्य तृतीयेची रात्र. आज जिथून जीपा धावतात तो जव्हार-मोखाडा रस्ता तेव्हा नुसती गाडीवाट होती. जव्हारकडचा मुलूख संस्थानचा, मोखाड्याकडचा इंग्रजाचा. मधे एका ओहोळाच्या काठावर हद्दीचा दगड. तो दगड ध्यानात ठेवा.

नवसू जव्हारला गेला होता देवीचा मुखवटा आणायला. पंचमीला मोखाड्याजवळच्या त्याच्या पाड्यावर बोहाडा होता. बोहाड्यात देवांची सोंगं रात्रभर नाचतात, ते तुम्ही पाहिलंय. शेवटी पहाटे देवी निघते. तिचा जुना मुखवटा वाळवीने खाल्ला, म्हणून नवा करायला टाकला होता. करणारा सावळा. जव्हारात त्याच्या हाताचे कागदी लगद्याचे मुखवटे नाव घेऊन मागत.

"रंग अजून ओला हाय," सावळा म्हणाला. "उन्हात नेशील तर तडकंल. रातचाच नीघ."

"रातचाच निघतो."

"आणि तोंड मिटून चालायचं. ठाऊक हाय ना?"

"मी काय आज जन्मलो?"

"आज नाय जन्मलास. पण बडबड्या हायस."

चाल अशी होती की नवा मुखवटा करणाऱ्याच्या घरातून निघाला की देवळात पोचेपर्यंत त्याच्याजवळ माणसाने तोंडातून सूर काढायचा नाही. नवा मुखवटा म्हणजे रिकामं घर. बोहाड्याला देवीचं गाणं म्हणतात, मग त्यात देवी येते. त्याआधी तिथे दुसरं कोणी शिरू नये. म्हणून मुखवटा वाहणारा मुक्यासारखा जातो. वाटेत कोणी भेटलं तर हात हलवायचा, पुढे व्हायचं.

सावळाने फडकं बाजूला केलं. मोठे डोळे, कपाळभर कुंकू, आणि घट्ट मिटलेले ओठ. ओठांमधल्या रेघेवर त्याने बोट फिरवलं.

"तोंड मिटवलंस ते?" नवसू म्हणाला. "जुन्याचं थोडं हसरं होतं."

"देवीचं तोंड मिटलेलंच बरं. उघडलं की मागते."

मग सावळाने सहज विचारलं, "यंदा देवीचं गाणं कोण गाणार?"

"मी."

सावळा हसला नाही. त्याने फडकं बांधता बांधता एवढंच विचारलं, "शेवटची ओळ?"

नवसूने टोपलीत पळसाची पानं अंथरली. दुखणं तिथेच होतं.

आता लाडक्याचं सांगायला हवं.

लाडक्या त्याच पाड्यावरचा. देवीचं गाणं वर्षानुवर्षं तो गायचा आणि नवसू त्याच्यामागे झील द्यायचा. गाणारा ओळ सोडतो, मागचा तिचा शेवटचा तुकडा उचलून धरतो, ती झील. झीलकऱ्याने ओळ खाली पडू द्यायची नाही, हे त्याच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं असतं. झोपेतही ओळ कानावर पडली तर तोंड उघडतं.

लाडक्याचा आवाज ऐकलेले लोक आता उरले नाहीत. तो ओरडून गात नसे. सूर इतका बारीक सुरू करायचा की सुरू कधी झाला ते कळायचं नाही. मग तो सूर फुगत जायचा, टेंभ्याच्या ज्योतीत कोणी तेल ओतावं तसा, आणि वर चढायचा. देवीच्या गाण्याची शेवटची ओळ तर इतकी उंच जायची की बायका पदर तोंडाला लावायच्या. शिरा ताणलेल्या नाहीत, मान वाकडी नाही. सहज उभा राहायचा आणि आवाज डोंगरावरून यायचा. ओळ सोडली की तोंड मिटायचा नाही. झील येईपर्यंत ओठ जरासे उघडेच. नवसूने ते ओठ मागून, बाजूने, टेंभ्याच्या उजेडात किती वेळा पाहिले असतील.

एका बोहाड्याला एका संगीत नाटक कंपनीचा मालक आला होता. त्याने आवाज ऐकला आणि लाडक्याला घेऊन गेला. लाडक्या राजाचा पोशाख घालून उभा राहू लागला, शहरातले लोक वन्समोर घेऊ लागले. पण फाल्गुनात कुठेही असला तरी बोहाड्याला पाड्यावर यायचा. देवीचं गाणं त्याने दुसऱ्याला गाऊ दिलं नाही. नवसूला शेवटची ओळ शिकवली नाही. नवसूने विचारलं की म्हणायचा, "तू ऐक रे. तुझं काम ऐकायचं आणि उचलायचं."

त्या फाल्गुनाआधीच्या दसऱ्याला कंपनी जव्हारला दरबारात आली. लाडक्या गात होता. वन्समोर आला, पुन्हा गायला. पुन्हा आला, पुन्हा गायला. पुढच्या खेपेला ओळ अर्ध्यात तुटली आणि तोंडातून रक्त आलं. डोलीत घालून त्याला पाड्याकडे आणत होते. हद्दीच्या दगडापाशी तो गेला. तिथेच ओहोळाच्या काठी त्याला जाळला.

आणि पाड्यावर पाटलाने नवसूला सांगितलं, "शेवटची ओळ लागली तर गाणं तुझं. नाय लागली तर खोडाळ्याहून गाणारा आणतो. एकदा गाणं दुसऱ्या गावाला गेलं की परत येत नाय, तेवढं बघ."

नवसू पाच महिने रानात एकटाच गात होता. दर वेळी शेवटच्या ओळीला आवाज फुटायचा.

तर त्या रात्री पाठीवर टोपली, टोपलीत पळसाची पानं, पानांत मुखवटा. मुखवट्याचं तोंड मागे. असाच नेतात. नवसू निघाला.

चंद्र अजून वर यायचा होता. रानात मोहाची फुलं टपटप गळत होती, त्यांचा वास वाटेवर दाटला होता. हवा पडलेली. नवसूच्या कंबरेला नागलीची भाकर होती, तीही त्याने खाल्ली नाही. मनात गाणं चालू होतं. तोंड बंद.

ओहोळ जवळ आला तसा चंद्र वर आला. दगड पांढरा दिसू लागला. नवसूने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तो पाण्यात उतरला. पाणी घोट्याएवढं.

मोहाची फुलं गळायची थांबली.

नवसूने ऐकलं. कसलाच आवाज नव्हता. पाण्याचाही नव्हता. पाणी तर पायाला लागत होतं…

मग सूर सुरू झाला. कधी सुरू झाला ते कळलं नाही.

तुम्हांला वाटेल तो पळाला असेल. नाही पळाला. त्याने तो सूर जन्मभर मागून ऐकला होता. तो पाण्यातच उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असा आवाज पुन्हा कानावर पडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलेलं आहे. मेलेल्या गाणाऱ्याचा सूर ऐकू आला तर ऐकावा आणि चालू लागावं. झील द्यायची नाही. झील मिळाली नाही की गाणं संपतं, गाणारा वाटेला लागतो. हे नवसूला पाठ होतं. पण त्याला शेवटची ओळ हवी होती. ऐकायला काय जातं, असं तो मनाशी म्हणाला. ऐकतो आणि निघतो.

तो दगडाजवळ जाऊन बसला. टोपली पाठीवरच ठेवली.

गाणं देवीचंच होतं. ओळीमागून ओळ येत होती. प्रत्येक ओळीनंतर जागा सुटत होती. झीलेची जागा. नवसूने दात आवळून धरले. ओळ खाली पडत होती. पडली की सूर पुन्हा, तीच ओळ, आधीपेक्षा जरा जवळून.

मग शेवटची ओळ आली. आणि नवसूला कळलं.

लाडक्या वर जाण्याआधी आवाज खाली सोडत होता. विहिरीत पोहरा सोडावा तसा, अलगद, तळापर्यंत. श्वास तिथे भरून घ्यायचा. मग भरलेला पोहरा आपोआप वर. इतकी वर्षं मागे उभं राहून हे त्याला कळलं नव्हतं. कारण त्या क्षणी तो नेहमी झीलेची तयारी करत असायचा.

ओळ वर गेली… तिथेच थांबली. सोडली.

जागा.

नवसू उठला. जे हवं होतं ते मिळालं होतं. आता चालायचं.

ओळ पुन्हा आली. आता दगडाच्या पलीकडून.

सोडली. जागा.

नवसूने हात तोंडावर दाबला.

पुन्हा. आता पाठीमागून. अगदी मागून. नवसू नेहमी लाडक्याच्या मागे उभा राहायचा. आज लाडक्या त्याच्या मागे होता. टोपली होती तिथे.

ओळ वर गेली. इतकी सुंदर… आणि सुटली. पडू लागली.

नवसूच्या तोंडून झील गेली.

त्याने दिली नाही. गेली. चांगली गेली, सुरात. झीलकऱ्याने ओळ खाली पडू द्यायची नाही.

मग शांत झालं. ओहोळ वाहू लागला. मोहाचं एक फूल टप्पकन पडलं.

टोपली जड झाली होती का? नवसू म्हणायचा, नाही. उलट हलकी झाली होती. आत कोणी उभं राहून आपला भार आपणच पेलावा तशी.

तांबडं फुटताना तो पाड्यावर पोचला. मुखवटा देवळात ठेवला. कोणाला काही बोलला नाही. पाटलाने विचारलं, "ओळ लागली?" नवसू म्हणाला, "लागली." खोटं नव्हतं.

पंचमीची रात्र. सोंगं आली, नाचली, गेली. पहाट होत आली तेव्हा देवीचं सोंग निघालं. ते फागूच्या घराकडे वंशाने चालत आलेलं. फागू अंगाने दणकट, नाचायला पक्का, पण आवाज असा घोगरा की बैलसुद्धा त्याच्या हाकेला मान वळवत नसत. टेंभे पुढे झाले. संबळ थांबला. गाण्याची वेळ.

नवसू पुढे आला. पोरं, बायका, पाटील, सगळे बघत होते. त्याने श्वास घेतला.

सूर सुरू झाला. कधी ते कळलं नाही.

नवसूचं तोंड अजून उघडलं नव्हतं.

आवाज मुखवट्यातून येत होता.

म्हाताऱ्या बायकांनी ओळखला. एकीने पदर तोंडात कोंबला. संबळवाल्याचे हात संबळावरच राहिले. ओळ वर आली, सुटली. जागा.

कोणी हललं नाही.

मुखवटा वळला. हळूहळू. नवसूकडे.

नवसूने झील दिली.

मग सगळं गाणं झालं. शेवटची ओळ झाली. तशी ओळ त्या पाड्यावर कधी झाली नव्हती. नवसूने झील दिली. ओळ पुन्हा आली. वन्समोर कोणी मागितला नव्हता. नवसूने पुन्हा झील दिली. पुन्हा ओळ… पुन्हा झील… टेंभे विझत आले तरी. शेवटी फागूचे पाय गेले आणि तो आडवा पडला.

मुखवटा ओढून काढावा लागला. फागूचा चेहरा घामाने भिजला होता. पाणी प्याला. मग म्हणाला, "मला श्वास घ्यायला जागाच नव्हती."

पाटील म्हणाला, "मुखवटा घट्ट झाला असंल."

"घट्ट नाय," फागू म्हणाला. "आत दोघं होतो."

नवसूने पुढे कधी गाणं धरलं नाही. धरायला गेला की तोंडातून ओळीचा शेवटचाच तुकडा निघायचा. खोडाळ्याहून कोणाला बोलवायची वेळ आली नाही. देवीचं गाणं पाड्यावरच राहिलं. नवसू मरेपर्यंत दर साली पंचमीला झील द्यायला उभा राहायचा. पुढे कोण गायचं ते विचारू नका.

त्या पहिल्या पंचमीला उजाडल्यावर मुखवटा उजेडात पाहिला. सावळाला बोलावून आणलं. तो देवळात आला, खाली बसला, बराच वेळ बघत राहिला.

ओठ उघडे होते. जरासे. बोट जाईल एवढे.

कोणी म्हणेल, रंग ओला होता, लगदा फाटला असेल. फाटलेल्या कागदाला कड असते, धागे असतात. या ओठांची कड गुळगुळीत आहे. पहिल्यापासून तसेच केल्यासारखी.

सावळाने फटीत बोट घातलं. झटकन काढलं. धोतराला पुसलं. तो जव्हारची वाट चालू लागला.

नवसू मात्र मुखवट्याकडे बघतच राहिला. ते ओठ त्याने ओळखले होते. ओळ सोडल्यावर, झील येईपर्यंत, तसेच राहायचे.