डाव्या हाताचं तिसरं घर

चुलीवरच्या भाताच्या गंजाचं झाकण खुळखुळलं आणि दुपारची शांतता मोडली. तृप्तीनं शिलाई मशीनवरचा पाय उचलला, भात उतरवला आणि मागं वळते तर काय, दारात एक उंच तरुण उभा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत हेल्मेट, चेहऱ्यावर नवख्या माणसाचं हसू.

“जयभीम. विहारामागचं, डाव्या हाताचं तिसरं घर... हेच ना?”

“हेच.”

जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेल्यापासून या नव्या गावठाणात कोणी ना कोणी घरं मोजायला येतच असे. हाही त्यातलाच, असं धरून तिनं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं.

“शिक्षण किती?” त्यानं भिंतीकडं बघत विचारलं.

“बारावी. मोजणीत हेही लिहितात काय?”

“नाही... सहज. स्वयंपाकाची आवड?”

तृप्तीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. “साहेब, तुमचा टेप कुठं आहे?”

“कायचा टेप?”

इतक्यात चार वर्षांची हर्षा आतून डोळे चोळत आली आणि तृप्तीच्या कमरेला बिलगली. “आई, हे कोण?”

‘आई’ ऐकलं आणि त्याचा गिलास ओठांशीच थांबला.

मग उलगडा झाला. तो प्रफुल्ल, अड्याळचा. नौदलात विमानांचा मेकॅनिक. सुट्टीवर आला होता, लग्नासाठी निर्मलाबाईंची मुलगी ज्योत्सना पाहायला. मामा मागून एसटीनं येणार होते. घराची खूण आईनं सांगितली होती, पण ती जुन्या गावातली. इथं चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले गेले. निर्मलाबाई गेल्या दुसऱ्या टोकाला, आणि तिसरं घर आलं तृप्तीच्या वाट्याला. नवरा वारल्यापासून इथं आपण मायलेकी दोघीच, हे तिनंही सांगितलं.

“तिकडं पोहे थंडे होऊन राहिले असतील,” तृप्ती हसू दाबत म्हणाली.

तो कानापर्यंत लाल होऊन उठला. पण हर्षा आडवी आली. “तुमी विमान चालवता?”

“चालवत नाही, दुरुस्त करतो.” त्यानं कोपऱ्यातलं सूप घेतलं, मशीनवरचं रीळ उचललं. “हे जहाज, अन् हे विमान. जहाजावर एवढूसा रस्ता, शेवटाले असा वर उचललेला.” रीळ सुपावरून धावलं, कडेवरून उडालं आणि थेट तृप्तीच्या पदरात पडलं. तिनं ते परत दिलं. बोटाला बोट लागलं... दोघांनीही सुपाकडं पाहिलं.

“अन् उतरतांनी धावतच नाही. वर येऊन थांबते, मंग सरळ खाली.”

“सरळ उतरता येते, तं उडतांनी धावते काहून?” हे तृप्तीनं विचारलं.

“जातांनी वजन असते ना. तेल, सामान. तेवढं घेऊन जागच्या जागी उठता येत नाही. येतांनी हलकं झालं असते.”

तृप्तीचा नवरा खुशाल जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्यामागं तीही वजन घेऊन धावतच होती. हलकं कधी व्हायचं, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

“अन् जहाज? सोडलं तिथंच सापडते?”

“नाही. तवरिक पुढं गेलं असते. शोधा लागते.”

“आमच्या गावावानी.”

तो हसला नाही. तिच्याकडं पाहत राहिला — जरा जास्तच वेळ.

तो गेला आणि तृप्ती पुन्हा मशीनवर बसली. एकच शिवण तीनदा उसवली. ज्योत्सना त्याला पसंत पडो की न पडो, आपल्याला काय त्याचं... असं म्हणत चौथ्यांदा उसवली. हर्षा अंगणात सूप आणि रीळ घेऊन खेळत होती. खुर्चीखाली हेल्मेट तसंच पडलं होतं.

उन्हं कलली तेव्हा फाटकाशी मोटारसायकल थांबली.

“हेल्मेट राहिलं.”

“राहिलं, का ठेवलं?”

तो मान खाली घालून म्हणाला, “...ठेवलं.”

“ज्योत्सना कशी वाटली?”

“हुशार आहे. मले म्हणे, नागपूरले नर्सिंग शिकाचं आहे, तुम्हीच नाही म्हणून द्या. मी म्हटलं, बरं झालं. मी तं आधीच दुसऱ्या घरचं पाणी पिऊन आलो.”

“भलतंच. मले लेकरू आहे.”

“पाहिलं ना. तिनंच तं विमान उडवाले लावलं.”

“तुमच्या आईले माहीत आहे?”

“आज सांगतो. आधी तुम्हाले विचाराचं होतं.” त्याचा आवाज उतरला. “परवा जाऊन राहिलो. आता सुट्टी आठ महिन्यांनी. तेव्हा... याच घरी येऊ का? खूण न चुकता?”

तृप्तीनं खुर्चीखालचं हेल्मेट आणून पुढं केलं, पण सोडलं नाही. एका दुपारच्या ओळखीवर कोणी आठ महिने वाट पाहतं का? आणि न पाहायची म्हटली, तर आत्ताच हे हेल्मेट हातातून का सुटत नाही?

अंगणात हर्षा रीळ हळूहळू सरळ खाली आणत होती. दुसऱ्या हातानं सूप पुढं सरकवत होती. रीळ मातीत पडलं. तिनं ते फुंकून झाडलं आणि वर पाहिलं.

“आई, विमान येतपर्यंत जहाज थांबते का?”